पन्नास फूट लांब, पंधरा फूट रुंद

सीलिया थॅक्स्टर या अमेरिकन कवयित्रीची बाग पन्नास फूट लांब आणि पंधरा फूट रुंद होती. हे माप तिने स्वतःच आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. साडेसातशे चौरस फूट म्हणजे आपल्याकडच्या शहरी मध्यमवर्गीय सदनिकेएवढी जागा. उद्यानांच्या इतिहासात राजे-महाराजांच्या एकरावारी पसरलेल्या बागांची वर्णने वाचून आल्यावर हे माप कोणालाही किरकोळच वाटेल. पण १८९४ साली प्रसिद्ध झालेले तिचे 'ॲन आयलंड गार्डन' हे पुस्तक याच साडेसातशे चौरस फुटांविषयी आहे, आणि इंग्रजीतल्या बागविषयक ललित गद्यात त्याला आजही मानाचे स्थान आहे. अमेरिकन साहित्याच्या आपल्याकडील अभ्यासक्रमांत मात्र सीलियाचे नाव सहसा भेटत नाही. भेटलेच तर ते चित्रकलेच्या दारातून भेटते. म्हणजे चाइल्ड हॅसम या चित्रकाराने ज्या बागेची चित्रे काढली त्या बागेची मालकीण म्हणून. चित्रांमुळे पुस्तक टिकले, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो मला मान्य नाही. त्याची कारणे पुढे ओघाने येतील.

आधी ही बाग जिथे होती ती जागा पाहू. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील पोर्टस्मथ या बंदरापासून सुमारे दहा मैलांवर समुद्रात नऊ लहान बेटांचा एक पुंजका आहे. त्याला 'आइल्स ऑफ शोल्स' म्हणतात. काही बेटे न्यू हॅम्पशर राज्यात, तर काही मेनमध्ये. सतराव्या शतकात ही बेटे मासेमारीमुळे गजबजलेली होती; कॉड मासा खारवून वाळवायला मोकळे खडक आणि सततचा वारा यांच्यासारखी सोय नाही. आणि जे मासे वाळवायला उत्तम, तेच फुलझाडांना मारक असते, हे वेगळे सांगायला नको. माती म्हणाल तर खडकांच्या खाचाखोचांतून साचलेली, कुठे वीतभर, कुठे तेवढीही नाही. झाडांची सावली जवळजवळ नाही. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार पानांवर बसतात आणि पाने करपतात. त्यातच समुद्राचा स्वभाव असा की तो उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. त्यामुळे किनाऱ्याच्या आत वसंत सुरू होऊन कळ्या धरल्या तरी बेटावर अजून दात वाजत असतात. याच स्वभावाचा एक फायदाही आहे. शरदात समुद्राची ऊब टिकून राहते आणि पहिले जीवघेणे दहिवर जरा उशिरा पडते. म्हणजे या बागेला मिळणारा काळ सुरुवातीला कापलेला आणि शेवटी थोडासा वाढवून दिलेला. सीलियाची सगळी बागकला या कापलेल्या सुरुवातीशी चाललेल्या झगड्यातून निर्माण झाली.

तिचा जन्म १८३५ चा, पोर्टस्मथचा. १८३९ साली तिचे वडील थॉमस लेटन यांनी या पुंजक्यातल्या व्हाइट आयलंडवरच्या दीपगृहाची नोकरी पत्करली आणि चार वर्षांची सीलिया आईवडिलांबरोबर एका उघड्या खडकावर राहायला आली. या बेटावर दीपगृह, घर आणि समुद्र याखेरीज काही नव्हते. पाचेक वर्षांची असताना तिने तिथे हात-दीड हात चौरस मातीच्या तुकड्यात झेंडूसारखी केशरी फुले लावली होती, असे तिने पुढे लिहिले आहे. ती तिची पहिली बाग. दुसरा रंग आसपास नसलेल्या जागी एका लहान मुलीने केशरीच रंग निवडावा, यात नवल नाही.

वडिलांनी शेजारचे ॲपलडोर हे सर्वांत मोठे बेट घेतले होते. त्याचे जुने नाव 'हॉग आयलंड', म्हणजे डुकरांचे बेट. पाहुण्यांना आमंत्रण द्यायला ते सोयीचे नव्हते, म्हणून ते बदलले. १८४८ साली तिथे 'ॲपलडोर हाउस' हे हॉटेल सुरू झाले. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या उन्हाळी हॉटेलांपैकी हे अगदी सुरुवातीचे. १८५२ मध्ये नथॅनिएल हॉथॉर्न येऊन गेला आणि त्याच्या टिपणवह्यांत या बेटांची नोंद झाली. तोवर सीलियाचे लग्न झालेले होते. लीव्हाय थॅक्स्टर हा हार्वर्डचा पदवीधर तिचा शिक्षक म्हणून आला आणि १८५१ साली, ती सोळा वर्षांची असताना, तिचा नवरा झाला. लीव्हाय ब्राउनिंगच्या कवितेचा निस्सीम भक्त होता, इतका की त्याच्या थडग्यासाठी ओळी खुद्द ब्राउनिंगने लिहून दिल्या. मात्र व्यवहारात तो फारसा कुठे स्थिरावला नाही. १८५५ मध्ये बेटांजवळ वादळात त्याची होडी बुडता बुडता वाचली. त्यानंतर त्याला समुद्र नकोसा झाला आणि बिऱ्हाड किनाऱ्याच्या आत, मॅसॅच्युसेट्समधील न्यूटनव्हिल येथे हलले. तीन मुले, चूल, धुणी, शिवण आणि दूर गेलेला समुद्र. या काळात लिहिलेली 'लँड-लॉक्ड' ही तिची कविता १८६१ मध्ये 'अटलांटिक मंथली'त छापून आली. तिला न विचारताच ती संपादकांपर्यंत पोचवली गेली होती आणि शीर्षकही संपादक जेम्स रसेल लॉवेल यांनी दिलेले. नाव अगदी चपखल होते: जमिनीने चहूबाजूंनी वेढलेली.

सीलिया बेटावर परतली ती हळूहळू. आधी आजारी आईच्या शुश्रूषेसाठी, मग उन्हाळ्यांपुरती, मग वर्षाचा मोठा भाग. हॉटेल भाऊ चालवत होते. थोरला मुलगा कार्ल जन्मतःच पायाने अधू, स्वभावानेही सांभाळायला अवघड. तो आयुष्यभर तिच्याचजवळ राहिला. नवरा बहुतेक वेगळाच राहिला आणि १८८४ मध्ये वारला. कविता, मुलांसाठीचे लेखन, चिनीमातीच्या भांड्यांवर फुलांची रंगकामे, या सगळ्यांतून ती पैसे मिळवी. हे तपशील देण्याचे कारण एवढेच की ही बाग निवांत वेळेत फुललेली नाही, हे आपण विसरू नये. एकोणिसाव्या शतकातील बायकांच्या बागांविषयी लिहिताना 'विरंगुळा' हा शब्द फार सहज वापरला जातो.

गद्यलेखिका म्हणून तिचा हात आधीच तयार झालेला होता. १८७३ सालचे 'अमंग द आइल्स ऑफ शोल्स' हे तिचे बेटांविषयीचे पुस्तक आजही वाचनीय आहे. त्याच वर्षी शेजारच्या स्मटीनोज बेटावर दोन नॉर्वेजियन स्त्रियांचा खून झाला. त्यांतली एक पूर्वी लेटन कुटुंबाकडे कामाला होती. या घटनेवर सीलियाने १८७५ मध्ये लिहिलेला दीर्घ लेख पाहिला, तर लक्षात येते की भावनेच्या भरात असतानाही तिची नजर वस्तूंवरून ढळत नाही. खिडकी कुठे होती, बर्फ किती होता, पाऊलवाट कशी वळत होती, हे ती चुकत नाही. हीच नजर वीस वर्षांनी तिने गोगलगायींवर रोखली.

'ॲन आयलंड गार्डन'ची सुरुवात बियाणे या गोष्टीबद्दलच्या विस्मयाने होते. टाचणीच्या टोकाएवढ्या पॉपीच्या बीमध्ये एवढे रोप, एवढा रंग कुठे दडलेला असतो, हा प्रश्न नवा नाही आणि तिची त्यावरची चिंतनेही त्या काळच्या भाविक वळणाची आहेत. ही पाने आज जरा चाळून पुढे जावीशी वाटतात, हे कबूल केले पाहिजे. (पॉपीला मराठीत काय म्हणावे हाही एक पेचच आहे. 'अफूचे फूल' म्हटले की पोलीस आठवतात आणि 'खसखशीचे फूल' म्हटले की अनारसे. मी 'पॉपी'च ठेवतो.) पुस्तक खऱ्या अर्थाने पकड घेते ते अंड्यांच्या टरफलांपाशी.

पॉपीच्या रोपाची एक खोड बागकाम करणाऱ्यांना ठाऊक असते: त्याचे मूळ सरळ खोल जाते आणि त्याला हात लावलेला खपत नाही. रोप एका जागेहून दुसरीकडे लावले की बहुधा ते मान टाकते. म्हणून पॉपी जिथे फुलवायची तिथेच पेरावी, असा सर्वसाधारण नियम. पण बेटावरचा वसंत एवढा उशिरा येतो की जागेवर पेरून थांबले तर फुले येईपर्यंत उन्हाळी पाहुण्यांचा अर्धा हंगाम संपायचा. सीलियाची तोड अशी: हिवाळा पोर्टस्मथमध्ये काढताना घरातली अंड्यांची टरफले साठवायची, त्यांत माती भरायची, खोक्यांत ती ओळीने उभी करायची आणि प्रत्येकीत दोन-तीन बिया टाकून खोकी उन्हाच्या खिडक्यांत ठेवायची. रोपे वर आली की एकच ठेवून बाकीची काढायची. लावणीच्या वेळी टरफल हलकेच फोडून मातीचा गोळा जसाच्या तसा खड्ड्यात बसवायचा. मुळाला कळतही नाही की आपण घर बदलले. आज रोपवाटिकांत कुजणाऱ्या कागदी लगद्याच्या कुंड्या मिळतात. त्यांमागची कल्पना हीच. फरक इतका की इथे ती स्वयंपाकघरातून आली आहे. रोज सकाळी अंडी फोडणारी बाईच ती काढू शकली असती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

एक एप्रिलच्या सुमारास ही सगळी खिडक्यांतली वसाहत 'पिनाफोर' नावाच्या लहानशा वाफेच्या बोटीवर चढे. दहा मैलांचा थंड समुद्र, डेकवर खोकी आणि खोक्यांत टरफलांतली रोपे. हे प्रस्थान ती ज्या तपशिलाने सांगते त्यात विनोद आहे, पण थट्टा नाही. बेटावर पोचल्यावर माती तयार करणे आलेच. शेणखताविषयी ती ज्या आदराने लिहिते तो आदर तिने पाहुण्यांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येऊ दिला असावा. जुने, नीट कुजलेले, चाळून घेतलेले खत. ते कधी, किती, कोणत्या झाडाला. इथे वाक्ये आखूड होतात आणि क्रियापदे आज्ञार्थी. कवितेत एरवी सैल होणारी तिची भाषा खताच्या ढिगापाशी घट्ट होते, हे माझे निरीक्षण. विद्यार्थ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ते जरूर पडताळून पाहावे.

मग शत्रू. बेटावर बिनशंखाच्या गोगलगायींचा सुळसुळाट होता. दिवसा दगडाखाली, फळीखाली दडायचे आणि रात्री कोवळी रोपे मुळापासून साफ करायची, हा त्यांचा क्रम. हिवाळाभर खिडकीत जपलेले रोप एका रात्रीत नाहीसे होणे म्हणजे काय, हे ज्याने कधी एक तरी रोप वाढवले आहे त्याला सांगावे लागणार नाही. सीलियाने मीठ वापरून पाहिले, चुना वापरून पाहिला. रात्री आणि पहाटेच्या अंधारात उठून ती वाफ्यांभोवती चुन्याची फकी भुरभुरत हिंडे. चुन्याने गोगलगाय मरते, पण प्रमाण चुकले तर रोपही मरते. शेवटी तिने मुख्य भूमीवरून बेडूक मागवले. पाण्यातले हिरवे नव्हेत, तर बागेत-अंगणात राहणारे, खरबरीत अंगाचे. खोके आले. जाळीतून आत पाहिले तर कोरड्या मातीवर दोन-तीन धुळकट बेडूक बसलेले. एवढ्यांनी काय होणार, म्हणून ती खट्टू झाली. मग तिने नळीने खोक्यात पाणी शिंपडले आणि पाहता पाहता ती सगळी मातीच हलू लागली. जिकडेतिकडे डोकी वर आली. पुस्तकातले सर्वांत आनंदाचे पान कोणते असे विचारले तर मी पहिल्या पॉपीचे नव्हे, या खोक्याचे पान दाखवीन. बेडकांनी गोगलगायींचा फडशा पाडला आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते फुगून सुस्तावले. त्यांच्या रूपाविषयी ती जे कौतुकाने लिहिते ते वाचल्यावर सौंदर्यवादी काव्याची तिच्यावर केली जाणारी वर्गवारी जरा तपासून घ्यावी असे वाटते.

अमरवेलीविषयीचा मजकूर याच्या नेमका उलट आहे. आपल्याकडे कुंपणाच्या झाडांवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरवणारी ही परोपजीवी वेल. तिची एक जात थॅक्स्टरच्या वाफ्यांतही शिरली होती. मुळे नाहीत, पाने नाहीत, दुसऱ्याच्या अंगावर चढून त्याचे शोषण करायचे, आणि एक तुकडा राहिला तरी पुन्हा पसरायचे. एरवी प्रत्येक जिवात काही ना काही मंगल शोधणारी ही बाई अमरवेलीपाशी हात टेकते. ही वनस्पती कोणत्या हेतूने निर्माण झाली असेल, हे तिला उमगत नाही, आणि उमगले असल्याचा आवही ती आणत नाही. तिच्या श्रद्धेच्या कापडाला इथे एक लहानशी चीर पडते. भाविक निसर्गगद्याच्या त्या काळात ही चीर फार मोलाची आहे.

बाग फुलली की तिचा दुसरा अध्याय घरात सुरू होई. उजाडण्याच्या सुमारास फुले खुडायची, खुडताक्षणी पाण्यात ठेवायची आणि मग दिवाणखान्यात लहान लहान काचेच्या पात्रांतून मांडायची. भरगच्च गुच्छ तिला नामंजूर होते. एका पात्रात एका जातीची, एका छटेची थोडी फुले आणि अशी पात्रे शेजारी शेजारी, शुभ्रापासून फिक्या गुलाबीकडे, तिथून लालाकडे, गडद किरमिजीकडे. या मांडणीत तिचे काही तास जात. ज्या शर्ली पॉपींनी हा रंगपट शक्य केला त्यांचा इतिहासही तेव्हा अगदी ताजा होता. विल्यम विल्क्स नावाच्या इंग्लंडमधील शर्ली गावच्या धर्मोपदेशकाने १८८० मध्ये आपल्या बागेच्या कोपऱ्यात पाकळीला पांढरी कड असलेले एक रानटी लाल पॉपीचे फूल पाहिले, त्याचे बी धरले आणि वर्षानुवर्षे निवड करत ही जात सिद्ध केली. एका परसबागेतली चिकाटी समुद्र ओलांडून दुसऱ्या परसबागेत आली होती. या दिवाणखान्यात हॅसम येई, जॉन नोल्स पेन हा संगीतकार पियानो वाजवी, व्हिटिअर हा वयोवृद्ध कवी, सेरा ऑर्न जुएट, ॲनी फील्ड्स ही मंडळी येत. विल्यम मॉरिस हंट या चित्रकाराचा शेवटही याच बेटावर झाला. १८७९ मध्ये तो तिथल्या पाण्यात बुडालेला सापडला, आणि सापडला तो सीलियालाच. अमेरिकेतल्या साहित्यिक मैफलींच्या इतिहासात या खोलीवर बरेच लिहिले गेले आहे. त्यात मी भर घालत नाही.

आता हॅसमच्या चित्रांविषयी. पॅरिसमध्ये राहून आलेल्या या तरुण चित्रकाराने १८९० च्या आसपास ॲपलडोरवर काढलेली चित्रे अमेरिकन इम्प्रेशनिझमची उत्तम उदाहरणे मानली जातात, आणि ती तशी आहेतच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले १८९० चे 'सीलिया थॅक्स्टर्स गार्डन' किंवा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले १८९१ चे 'पॉपीज, आइल्स ऑफ शोल्स' घ्या. पुढे लाल पॉपींचा कल्लोळ, मागे उन्हात पांढुरके खडक, त्यापलीकडे निळा समुद्र. पाहणाऱ्याला वाटते, ही फुले या खडकांतून आपोआप उगवली. कुंपण दिसत नाही, फळ्यांनी बांधलेले वाफे दिसत नाहीत, पाठीमागचे शेकडो पाहुण्यांचे हॉटेल तर नाहीच. १८९२ च्या चित्रात सीलिया आहे, पण पांढऱ्या पोशाखात, फुलांच्या मध्ये, फुलांसारखीच स्तब्ध. हातात खुरपे नाही. चित्रकाराने काय गाळावे हा त्याचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. पण ही चित्रे आणि हे पुस्तक एकमेकांची 'पूरक' आहेत, असे जे सरसकट लिहिले जाते ते पटत नाही. पुस्तकाचा सगळा भर नेमका चित्रांनी गाळलेल्या गोष्टींवर आहे. चित्र म्हणते, ही बाग निसर्गाची कृपा. मजकूर म्हणतो, निसर्गाचे चालले असते तर इथे गवताची एक काडी आणि पाचशे गोगलगायी असत्या. १८९४ च्या त्या देखण्या आवृत्तीत हॅसमची रंगचित्रे आणि सीलियाचे गद्य एकाच बांधणीत आले आणि तेव्हापासून वाचक मजकूर चित्रांच्या डोळ्यांनी वाचू लागले. कष्ट अदृश्य झाले की कष्ट करणारी व्यक्ती 'निसर्गकन्या' ठरते. स्त्रियांच्या लेखनाबाबत हे पुष्कळदा घडले आहे.

याच दशकातले आणखी एक पुस्तक शेजारी ठेवले तर मुद्दा अधिक उघड होईल. एलिझाबेथ फॉन आर्निमचे 'एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन' हे १८९८ चे. तीही खडतर हवामानातली बाग. पोमेरेनियाची रेताड जमीन, कडक हिवाळे, कोरडे वसंत. पुस्तक खुसखुशीत आहे आणि खपलेही अफाट. पण त्यातली एलिझाबेथ सरदार घराण्यातली सून असल्याने तिला फावडे हातात धरण्याची मुभा नाही. बाग माळ्याने करायची, तिने सांगायचे. एका रविवारी नोकरमाणसे जेवायला बसलेली असताना ती चोरून फावडे आणि दाताळे घेऊन बाहेर पडते, घाईघाईने हातभर जमीन उकरते, वेलीचे बी पेरते आणि कोणी पाहण्याच्या आत परत येऊन पुस्तक हातात धरून बसते. हा प्रसंग विनोदी म्हणून उद्धृत होतो; मला तो करुण वाटतो. सीलियाला असे चोरून काही करावे लागले नाही, कारण ती कोणा सरदाराची सून नव्हती. दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी होती. अर्थात तिच्याबाबत उलट्या टोकालाही जायला नको. हॉटेल घरचे होते, बेटावर नोकरचाकर होते, नॉर्वेहून आलेल्या गरीब कुटुंबांतल्या बायका घरकामात मदत करत होत्या. अवजड कामांत इतरांचे हात लागले नसतील, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तिच्या पुस्तकात या हातांना क्वचितच नावे आहेत. बेडकांना मात्र ऐसपैस जागा मिळाली. कष्टाची कहाणी सांगणाऱ्या पुस्तकातही कोणाचे कष्ट सांगितले गेले, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारल्याने पुस्तकाची उंची कमी होत नाही.

पक्ष्यांचा विषय थोडक्यात आटोपतो, पण टाळता येत नाही. १८८० च्या दशकात बायकांच्या हॅटांवर पक्ष्यांचे पंख, कधी अख्खे मढवलेले पक्षी लावण्याची टूम होती आणि किनाऱ्यावरचे कुररी आणि सीगल त्यापायी मारले जात होते. १८८७ मध्ये 'ऑड्यूबॉन मॅगझिन'च्या पहिल्याच अंकात सीलियाने या फॅशनविरुद्ध 'वुमन्स हार्टलेसनेस' हा जळजळीत लेख लिहिला. तिचा राग शिकाऱ्यांपेक्षा अधिक, मैत्रिणींसारख्या सुशिक्षित, संवेदनशील स्त्रियांवर होता. सभांमधून दयेवर बोलणाऱ्या बायकांच्या डोक्यावर मेलेला पक्षी असतो, हे तिला सहन होत नसे. तिच्या बागेत पक्षी येत आणि पेरलेले बी टिपत. त्यांच्यापासून वाफे राखायचे आणि त्यांना दाणाही टाकायचा, असा दुहेरी संसार तिने चालवला.

पुस्तक १८९४ च्या पूर्वार्धात निघाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, बाग भर बहरात असताना, ॲपलडोरवरच तिचा मृत्यू झाला. वय एकोणसाठ. बेटावरच आईवडिलांशेजारी तिला पुरले. पुढच्या वर्षी ॲनी फील्ड्स आणि रोझ लॅम यांनी तिची पत्रे संपादित करून छापली. १९१४ साली लागलेल्या आगीत हॉटेल आणि तिचे घर दोन्ही जळाले. बागेचे तर काय, ती बव्हंशी वर्षायू फुलांचीच होती. पॉपी, स्वीट पी, लार्कस्पर, नॅस्टर्शियम ही मंडळी एका हंगामाची. ती दर वर्षी नव्याने टरफलांतून यायला हवीत. एखाद्या मुघल बागेचे पाट आणि चौथरे शतकांनंतरही उकरून काढता येतात. इथे उकरायला काही नव्हते. खारा वारा, रानगुलाबाची आणि विषारी वेलींची झाडी, आणि पुढे सीगलच्या वसाहती यांनी तो तुकडा गिळून टाकला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने तिथे टेहळणीचा मनोरा बांधला.

१९७० च्या दशकात कॉर्नेल आणि न्यू हॅम्पशर विद्यापीठांची सागरी संशोधनाची प्रयोगशाळा बेटावर आली. तिचे संस्थापक जॉन किंग्जबरी हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९७७ मध्ये थॅक्स्टरची बाग पुन्हा उभी केली. आधार एकच: पुस्तक. सीलियाने पुस्तकात वाफ्यांचा आराखडा क्रमांक घालून दिला होता आणि कोणत्या क्रमांकाला कोणते फूल याची यादीही दिली होती. कुठे हॉलीहॉक, कुठे स्वीट पी, फाटकापाशी काय, हे सगळे त्यात होते. पन्नास फूट लांब, पंधरा फूट रुंद हे मापही त्यातलेच. बागेवरून पुस्तक लिहिले जाते हे आपण जाणतो. इथे त्र्याऐंशी वर्षांनी पुस्तकावरून बाग लावली गेली. साहित्यात 'संहिता' हा शब्द आपण इतका वापरतो की गुळगुळीत झाला आहे. पण ज्या मजकुरावरून काही पुन्हा करता येते, विधी किंवा प्रयोग, त्याला संहिता म्हणायचे, हा जुना अर्थ धरला तर 'ॲन आयलंड गार्डन' ही शब्दशः संहिता आहे. हॅसमच्या चित्रांवरून ही बाग पुन्हा लावता आली नसती. लाल ठिपका म्हणजे शर्ली पॉपी की आणखी काही, हे चित्र सांगत नाही; सांगण्याची त्याला गरजही नाही. तेव्हा कोणी कोणाला टिकवले, या प्रश्नाचे उत्तर वाचकांनीच ठरवावे. १९८८ साली मूळ प्रकाशनसंस्थेने पुस्तक हॅसमच्या रंगचित्रांसह पुन्हा काढले, तेव्हा ही नवी बाग अकरा वर्षांची झाली होती.

नव्या बागेला सगळ्या अडचणी जुन्याच आहेत, एक सोडून. सीगल आता बेटावर हजारोंनी घरटी करतात. हॅटांची टूम संपली, कायदे आले, आणि ज्या पक्ष्यांसाठी सीलियाने लेख लिहिला ते बाग पाहायला येणाऱ्यांच्या डोक्यावर झेपावून चोची मारतात. रोपे अजूनही मुख्य भूमीवरच तयार करावी लागतात. विद्यापीठाच्या काचघरात हिवाळ्याच्या अखेरीस बी पडते आणि हवा निवळली की रोपांची खोकी बोटीवर चढतात.